मशीनच्या बॉडीला झिणझिण्या येतात, वायरमन म्हणतो चप्पल घाला. काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर एमआयडीसीत मामाची डाळमिल, दोन महिन्यांपासून एलिव्हेटरच्या (धान्य वर चढवणारं मशीन) आणि चाळणीच्या बॉडीला हात लागला की झिणझिण्या येतात, पाऊस झाला की जास्तच. वायरमन म्हणतो एवढं लिकेज, म्हणजे बॉडीत करंट उतरणं, असतंच, चप्पल घालून काम करा, काही होत नाही. खरंच होत नाही का?

होतं भाऊ. आधी तो एलिव्हेटर आणि चाळणी बंद करा, मेन पाडा आणि मगच पुढचं वाचा. सीझनचे दिवस आहेत, तूर भिजवून ठेवलीये, माल सुकायला टाकलाय हे सगळं मला माहितीये, मामा ओरडतील हे पण माहितीये, पण एक दिवस मिल बंद राहिली तर नुकसानीचा आकडा सांगता येतो, हमाल चिकटला तर त्याचा आकडा नसतो.

मी कोण ते सांगतो म्हणजे उगं कुणीतरी सल्ला देतोय असं वाटायला नको. आयटीआय वायरमन करून वाळूजला हेल्पर म्हणून लागलो, पुढं जालन्याला रोलिंग मिलमधी काढली काही वर्षं, आता सुपरवायझरचं सर्टिफिकेट आहे आणि लातूर-नांदेड-परभणी पट्ट्यात डाळमिल, जिनिंग, ऑइल मिलची कामं घेतो. तुमच्यासारखी केस वर्षाला पाच-सहा तरी बघतो आणि दर वेळी चप्पलवालं उत्तर आधीच कुणीतरी देऊन ठेवलेलं असतं.

आता ती चप्पल. माणसाला साधारण 1 मिलीअँपला (अँपचा हजारावा भाग) करंट जाणवायला लागतो, त्यालाच आपण झिणझिण्या म्हणतो. 10 ते 15 मिलीअँपला हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सुटत नाही, माणूस चिकटला म्हणतात ते हेच, करंट काही ओढून धरत नाही, आपलीच मूठ उघडत नाही. 30 च्या पुढं छातीचे स्नायू आखडून श्वास घ्यायला जड जातं आणि 50 ते 100 मिलीअँप छातीतून काही सेकंद गेला तर हृदयाची लय बिघडते, ठोके पडायच्या ऐवजी ते नुसतं थरथरत राहतं. म्हणजे झिणझिण्या आणि मरण यात 100 पट पण अंतर नाही. आणि हे अंतर कशानं पडलंय, तर तुमच्या कोरड्या चपलेनं आणि कोरड्या हातानं. बॉडीवर कदाचित पूर्ण 200 व्होल्ट असतील आणि तुम्हाला नुसत्या झिणझिण्या येत असतील, कारण मधी चपलेचा रबर आहे. तोच हमाल डाळीला पाणी मारून ओल्या पायानं आला, घामानं हात ओला, शरीराचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 1000 ओहमच्या आसपास आला, की 200 भागिले 1000 म्हणजे 0.2 अँप, म्हणजेच 200 मिलीअँप. व्होल्टेज तेच, मशीन तेच, माणूस तोच, फक्त चप्पल भिजली.

लगेच मामा म्हणतील की अरे एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा खटका) आहे ना, नवीन बसवलीये, शॉक लागला तर पडेल की. नाही पडणार. एमसीबी असो नाहीतर जुना किटकॅट फ्यूज (काढता येणाऱ्या ग्रिपमधी तार असलेला) असो, तो वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नसतो. 16 अँपची एमसीबी 16 अँपच्या बरंच वर गेल्याशिवाय हलत नाही आणि माणूस 0.1 अँपमधी जातो. हे मी मालकांना इतक्या वेळा सांगितलंय की आता घरात बायको पण सांगते.

मग माणसाला वाचवतं कोण? एक अर्थिंग आणि दुसरं आरसीसीबी, ज्याला आपल्याकडं अजून ईएलसीबीच म्हणतात.

अर्थिंगचं काम असं की मशीनच्या आत फेज, म्हणजे करंट घेऊन येणारी जिवंत वायर, बॉडीला चिकटला तर करंटला परत जायला इतका मोकळा रस्ता मिळावा की एवढा मोठा करंट वाहील की एमसीबीच पडेल. रस्ता मोकळा नसला तर काय होतं याचा हिशोब करून दाखवतो. समजा तुमच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा (ज्यात जमिनीत पाइप पुरून अर्थ वायर जोडतात तो) रेझिस्टन्स 40 ओहम आहे आणि ट्रान्सफॉर्मरकडचा खड्डा, वायर वगैरे मिळून अजून 6, म्हणजे 46. 230 भागिले 46, 5 अँप. 16 ची एमसीबी या 5 अँपकडं बघणार पण नाही, तिला वाटतं एखादी मोटर चाललीये. आणि ते 5 अँप तुमच्या 40 ओहमच्या खड्ड्यातून जाताना बॉडीवर 5 गुणिले 40 म्हणजे 200 व्होल्ट उभे राहतात. अर्थिंग आहे, वायर हिरवी आहे, पट्टी चकचकीत आहे आणि तरी मशीनवर 200 व्होल्ट. दिवसेंदिवस. वर बिलाचं मीटर पण पळतंय.

आणि 40 ओहम ही काही लांबची गोष्ट नाही बरं का. आपली काळी जमीन ओली असते तेव्हा अर्थिंगसाठी एकदम छान, पण मार्च-एप्रिल लागला की ती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि खड्ड्यातल्या पाइपाच्या बाजूची माती पाइप सोडून देते. वरून बघितलं तर पाइप जमिनीतच आहे, पण खाली त्याच्या भोवती हवा. त्यात आपल्याकडं दोन-चार फुटाखाली मुरूम आणि काळा दगड, मग मिस्तरी काय करतो, 2.5 मीटरचा पाइप दगड लागला की तिथंच कापतो आणि बिल पूर्ण पाइपाचं लावतो. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात एका मिलमधी खड्डा मोजायला गेलो, मालकाला म्हणलं खड्ड्यात पाणी टाकत जा, तो माझ्याकडं असा बघत राहिला जसं काय मी त्याची किडनी मागितली. त्याचं पण बरोबरच होतं. म्हणून आता मी खड्ड्यात कोळसा-मीठ भरायच्या नादी फारसं लागत नाही, बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) भरून घेतो, ते ओल धरून ठेवतं, आणि एका खड्ड्याच्या ऐवजी दोन-तीन खड्डे एकमेकांपासून पाइपाच्या लांबीएवढं तरी अंतर ठेवून, वरून पट्टीनं जोडून. दगडच लागला तर जागा बदलायची, पाइप कापायचा नाही. रीडिंग मे महिन्यात घ्यायचं, ऑगस्टमधी घेतलेलं रीडिंग आपल्या भागात फसवं असतं. मे मधी 5 ओहमच्या आत आलं तर मी पास करतो, मोठ्या पॅनलला अजून कमी लागतो.

पण तुमच्या केसमधी मी खड्ड्यापर्यंत जायच्या आधी मोटरपाशी बसून बघेन. हे तुम्ही स्वतः नुसत्या डोळ्यानं पण बघू शकता, मेन पाडून. थ्री फेज मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या जागी दोन अर्थ वायरी लागतात, तसा नियमच आहे, एक सुटली तर दुसरी असावी म्हणून. डाळमिलमधी काय दिसतं, दोन्ही वायरी एकाच बोल्टला, म्हणजे बोल्ट ढिला झाला की दोन्ही गेल्या. त्याहून जास्त वेळा दिसतं ते असं की बोल्ट करकचून आवळलाय पण रंगावरच. मोटरला दरवर्षी दसऱ्याला निळा रंग मारतात, बोल्टसकट, वॉशरखाली रंगाचे तीन थर, मीटर लावला तर कनेक्शनच नाही. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरनं पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासायचं, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावायचा, मग आवळायचं, आणि वरून रंग मारायचा तर आता मारा. दहा मिनिटाचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात झिणझिण्याच्या निम्म्या तक्रारी इथंच संपतात. संपतात म्हणजे झिणझिण्या संपतात, लिकेज आहे तिथंच असतं, म्हणून पुढचं वाचा.

लिकेज येतंय कुठून? डाळमिलमधी माझा पहिला संशय उंदरावर. चुनी-भुसा खायला उंदीर येतात आणि वायर कुरतडतात, कामून ते त्यांनाच माहिती, आणि एलिव्हेटरच्या मागून गेलेली केबल तर कुणी वर्षानुवर्षं बघतच नाही. दुसरा संशय मोटरच्या टर्मिनल बॉक्सवर, झाकणाचं पॅकिंग गेलेलं, आत बारीक भुकटी बसलेली, पाऊस झाला की ती भुकटी ओल धरते आणि फेजपासून बॉडीपर्यंत बारीक रस्ता तयार होतो, पावसात जास्त झिणझिण्या येतात त्याचं कारण बहुतेक हेच निघेल. तिसरं म्हणजे पत्र्याच्या शेडला अँगलवर घासत गेलेली वायर, मशीन आणि शेडचं लोखंड एकमेकाला जोडलेलं असतं त्यामुळं फॉल्ट एका कोपऱ्यात आणि झिणझिण्या दुसऱ्याच मशीनला. शोधायचं कसं, तर मोटरच्या वायरी सोडवून 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन किती चांगलं आहे ते मोजायचं मीटर) मारायचा, मोटरला वेगळा आणि केबलला वेगळा, अर्थच्या विरुद्ध. 1 मेगओहमच्या खाली आला तर ती वस्तू लाईनवर घ्यायचीच नाही. मेगर मारणारा वायरमन परमिटवालाच पाहिजे, मोबाईल बघून शिकलेला नको.

आणि एक गोष्ट आवर्जून बघा. काही वायरमन झिणझिण्या घालवायला एक जुगाड करतात, मशीनच्या बॉडीची अर्थ वायर स्टार्टरमधी नाहीतर सॉकेटमधी न्यूट्रललाच, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीलाच, जोडून टाकतात. झिणझिण्या खरंच जातात, वायरमन हुशार ठरतो, पाचशे रुपये घेऊन जातो. पण ज्या दिवशी तो न्यूट्रल कुठंतरी तुटला किंवा किटकॅटमधी जळला, त्या दिवशी फेजचा करंट बल्बमधून, पंख्यातून न्यूट्रलवर येऊन सरळ मशीनच्या बॉडीवर उभा राहतो, आणि मोटर बंद असताना सुद्धा. असं जोडलेलं सापडलं तर त्या माणसाला परत मिलमधी घेऊ नका.

आता आरसीसीबी. हा फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परत येणारा करंट मोजतो, फरक पडला म्हणजे कुठंतरी तिसरीकडूनच करंट जातोय, कदाचित माणसातून, की सेकंदाच्या छोट्या भागात पाडतो. हातातली मशीनं, सॉकेट, कूलर, ऑफिसची लाईन यांना 30 मिलीअँपचा. मोटरच्या लाईनला 30 चा लावला तर जुन्या मोटरी दिवसभर पाडत राहतील, तिथं 100 चा लावतात, पण 100 चा माणसाला वाचवेलच असं धरू नका, तिथं भरवसा अर्थिंगवर. आणि फेज एका हातात, न्यूट्रल दुसऱ्या हातात असं कुणी पकडलं आणि पाय कोरडे असले तर आरसीसीबीला तो बल्बसारखाच वाटतो, तो पडत नाही. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, महिन्यातून एकदा दाबायचं, पडला पाहिजे. पुष्कळ ठिकाणी मी बटण दाबतो आणि काहीच होत नाही, विचारलं तर कळतं की सारखा पडत होता म्हणून डायरेक्ट केलाय, म्हणजे त्याला वगळून वायर सरळ जोडलीये. अरे बाबा, तो सारखा पडत होता म्हणजे सारखा सांगत होता.

विजेची कामं करताना काय पाळायचं ते माझ्याच बोटावर लिहिलेलं आहे. 2005 च्या सुमाराची गोष्ट, लोडशेडिंगचे दिवस, एका कारखान्यात कॉम्प्रेसरच्या पॅनलमधला कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा स्विच) बदलायचा होता. लाईट गेलेलीच होती, आता चार तास येत नाही म्हणून मी मेन न पाडताच पॅनल उघडलं, टेस्टर पण लावला नाही, लावून काय करायचं, लाईटच नाही. स्टुलावर बसून दुसरा स्क्रू सोडवत होतो तेवढ्यात शेठचा फोन आला म्हणून वॉचमननं जनरेटर चालू केला आणि चेंजओव्हर मारला, म्हणजे लाईन जनरेटरवर टाकली. मला आवाज आठवतो, जनरेटरचा धडधड आवाज, आणि मनात आलं की अरे हा तर जन... एवढंच. स्टुलावरून फेकला गेलो म्हणून सुटलो, स्टूल डगमगतं होतं आणि त्या दिवसापासून डगमगत्या स्टुलाबद्दल मी काही वाईट बोलत नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून पांढरे डाग आहेत. वॉचमनची चूक काहीच नव्हती, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की आत माणूस आहे.

तेव्हापासून लाईट गेली आणि सप्लाय बंद आहे या माझ्यासाठी दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाईन जनरेटरकडून येते, इन्व्हर्टरकडून येते, शेजारच्या फेजचा न्यूट्रल परत येतो, आता तर छतावर सोलर आहे, ते पॅनल ऊन असेपर्यंत बंद होतच नाही, खाली खटका पाडला तरी पॅनलपासून खटक्यापर्यंतची वायर जिवंतच. म्हणून मेन पाडायचा, किटकॅट असेल तर ग्रिप काढून स्वतःच्या खिशात ठेवायची, हे आमच्या जुन्या वायरमन मामांचं शिकवणं, आजच्या भाषेत लॉकआउट टॅगआउट म्हणतात, फक्त ग्रिपच्या ऐवजी कुलूप आणि चावी. चावी ज्याचा हात आत आहे त्याच्याच खिशात, हेल्परकडं नाही, ऑफिसच्या खुंटीवर नाही. दोन माणसं काम करत असतील तर दोन कुलपं.

मग टेस्ट. स्क्रूड्रायव्हरवाला निऑन टेस्टर खिशात असतो पण जीव त्याच्या भरवशावर टाकू नका. उन्हात त्याचा दिवा दिसत नाही, लाकडी स्टुलावर किंवा रबर मॅटवर उभं राहिलं तर पेटत नाही आणि कधीकधी बंद वायरीवर पण मंद पेटतो. मीटर नाहीतर टेस्ट लॅम्प घ्यायचा, आधी चालू जागेवर लावून बघायचा की तो नीट आहे, मग कामाच्या जागेवर तिन्ही फेज एकमेकात आणि अर्थला, मग परत चालू जागेवर. तीन वेळा. आळस येतो, मला पण येतो, पण मी करतो. पॅनलमधी कपॅसिटर असले तर मेन पाडल्यावर पाच-दहा मिनिटं चहा प्या आणि मग मोजून हात घाला, ते चार्ज धरून बसतात. अंगठी, कडं, मेटलचं घड्याळ काढून ठेवा. फ्यूज टाकताना तोंड पॅनलसमोर ठेवू नका, बाजूला उभे राहा, कारण फॉल्ट बाकी असेल तर तो तोंडावरच फुटतो, आणि टेरिकॉटचा शर्ट अंगाला चिकटून जळतो, सुती घाला.

बाकी छोट्या गोष्टी तुमच्या मिलमधी पण असणार, न बघता सांगतो. ग्राइंडरचा थ्री पिन तुटला म्हणून उघड्या वायरी सॉकेटमधी खोचून आगपेटीच्या काड्या ठोकल्या असतील, त्यात अर्थची तिसरी वायर कापून टाकलेली असणार. आज काढा, पन्नास-शंभर रुपयाचा प्लग येतो. हमालांच्या खोलीतला लोखंडी कूलर, त्याला दोन पिनांचा प्लग, खाली पाणी सांडलेलं, मे महिन्यात आपल्या भागात लेकरं अशा कूलरलाच चिकटतात, त्याला थ्री पिन आणि 30 चा आरसीसीबी लावल्याशिवाय चालू करू नका, आणि पाणी भरताना प्लगच काढायचा. वेल्डिंगवाला आला तर त्याची अर्थची क्लॅम्प कामापाशीच लावायला सांगा, शेडच्या अँगलला नको.

कुणी चिकटलाच तर हात धरून ओढू नका, मेन पाडा, मेन लांब असेल तर कोरडा बांबू किंवा कोरडी लाकडी फळी, लोखंडी पाइप नाही. बाहेर 11 हजारच्या लाईनचा विषय असेल तर बांबूनं पण नाही, लांबच थांबा आणि महावितरणला फोन लावून सप्लाय बंद करून घ्या, 1912 चालतो. माणूस सुटला आणि श्वास नसेल तर मातीत पुरणं, कांदा हुंगवणं, तळपाय चोळणं यात वेळ घालवू नका, पाठीवर झोपवून छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी 5 ते 6 सेंटीमीटर दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, तोंडानं श्वास देता येत असेल तर 30 दाबांमागं 2 श्वास, येत नसेल तर नुसतं दाबत राहा, दुसऱ्यानं 108 लावायचा. उठून बसला आणि म्हणला मला काय झालं नाही तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा, शॉकचं नुकसान आत असतं.

आता उद्याचं काम. चांगला परमिटवाला वायरमन बोलवा, चप्पलवाला नको. एलिव्हेटर आणि चाळणीच्या मोटरी सोडवून मेगर, अर्थचे बोल्ट घासून परत, स्टार्टर उघडून न्यूट्रलचा जुगाड आहे का ते बघणं, मग खड्ड्याचं रीडिंग. आता पावसाळ्यात मोजताय तर मे मधी आकडा वाढणारच हे धरून चाला. मेगरचे आकडे काय येतात ते मोटरवार लिहून कळवा, मोटर किती एचपीची आणि केबल किती जुनी ते पण, म्हणजे मोटर भरायची (आतलं वाइंडिंग नवं करायचं) की नुसती केबल बदलायची ते सांगता येईल. मामांना सांगा केबलच निघायची शक्यता जास्त आहे, स्वस्तात सुटतील.